टिंचरचा डाग

पेन्सिलीला टोक काढताना ब्लेड बोटात गेलं. आयोडीनची बाटली उघडली, कापसाचा बोळा बोटावर दाबला, तेवढ्यात एक थेंब बाहीवर पडला. बोट तपकिरी झालं. कडक खळ घातलेली बाही मात्र निळीकाळी! खळीतल्या स्टार्चच्या रेणूंच्या मळसूत्री वेटोळ्यांत आयोडीन ओळीनं जाऊन बसतं आणि रंग पालटतो.

रंगांच्या बाबतीत आयोडीन जरा नखरेलच. घनरूपात करडं-काळं, चकाकणारं. वाफ जांभळी. 1811 साली फ्रेंच रसायनज्ञ बर्नार कुर्त्वा समुद्री शेवाळाच्या राखेपासून बंदुकीच्या दारूसाठी सोरा बनवत होता. गंधकाम्ल जरा जास्त पडलं आणि भांड्यातून जांभळ्या वाफा उठल्या. नावही ग्रीकमधल्या जांभळ्यावरूनच पडलं.

पाण्याशी मात्र त्याचं जमत नाही. लिटरभर पाण्यात जेमतेम ग्रॅमचा तिसरा हिस्सा विरघळतो. म्हणून सोबत पोटॅशियम आयोडाइड घालायचं. आयोडीन आयोडाइडला चिकटतं, तीन अणूंचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, बनतो आणि तो पाण्यात सुखानं राहतो. 1829 मधलं फ्रेंच डॉक्टर लुगोलचं द्रावण असंच आहे: 5 टक्के आयोडीन, 10 टक्के आयोडाइड. टिंचरमध्ये याला अल्कोहोलची जोड. लहानपणी टिंचर लावून घेताना आम्ही घर डोक्यावर घ्यायचो आणि शिव्या आयोडीनला द्यायचो. झोंबायचं ते बहुतेक अल्कोहोल.

आताच्या बाटलीत पोव्हिडोन आयोडीन असतं. पोव्हिडोन म्हणजे लांबलचक साखळीचा रेणू. तो आयोडीन मुठीत धरून ठेवतो आणि चिकूपणे थोडं थोडं सोडतो. 10 टक्क्यांच्या द्रावणात कामी येऊ शकणारं आयोडीन 1 टक्का, आणि त्यातलंही एका क्षणी मोकळं असतं ते दहा लाखांत एखाद-दोन भाग. जंतूंना मारतं ते हे मोकळं. बाकीचा सगळा तपकिरी थाट म्हणजे नुसता साठा.

आणि गंमत अशी, की हेच द्रावण शंभरपट पातळ केलं तर मोकळं आयोडीन कमी न होता कितीतरी वाढतं! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. पाणी वाढलं की पोव्हिडोनची मूठ सैल होते, एवढंच. पण म्हणून कुणी घरी बाटलीत पाणी ओतायला जाऊ नका. साठाच तुटपुंजा झाला, तर रक्त-पू लागल्यावर तो बघता बघता संपतो.

जंतूंच्या प्रथिनांतल्या गंधक-हायड्रोजनच्या जोड्यांकडून आयोडीन इलेक्ट्रॉन हिसकावतं आणि त्या बदल्यात स्वतः बिनरंगी आयोडाइड होऊन बसतं. जखमेवरचा तपकिरी रंग फिका पडला म्हणजे औषध खर्ची पडलं.

मग बाहीचं काय? क जीवनसत्त्वाची गोळी कुटून पाण्यात कालवली आणि डागावर चोळली. क जीवनसत्त्व इलेक्ट्रॉन देण्यात भलतंच उदार. निळाकाळा डाग डोळ्यांदेखत गेला. चोळता चोळता तेच पाणी बोटालाही लागलं आणि तिथलं औषधही गुल! पुन्हा बाटली काढली. या वेळी बाह्या कोपरापर्यंत वर सारून.