पाचव्या वर्षाचा चेहरा

व्हिएन्नातल्या नाण्यांच्या दुकानात बाकीचे लोक देनारियसच्या, म्हणजे रोमन चांदीच्या नाण्यांच्या ट्रेभोवती जमतात. मी कोपऱ्यातल्या डब्याकडे वळते. त्यात रोमन साम्राज्यातली प्रांतिक नाणी असतात, शहरांनी आपापली पाडलेली, काळपट, झिजकी. गेल्या महिन्यात तिथून १८ युरोला विमिनासिअमचं एक कांस्य नाणं घेतलं. बिलासकट. बाल्कनमधल्या शेतांतून डिटेक्टर लावून उकरलेला माल बाजारात फार फिरतो, म्हणून जुन्या संग्रहाचा कागद नसेल तर मी हात लावत नाही.

विमिनासिअम म्हणजे आजच्या सर्बियातल्या कोस्तोलाकजवळ, आमच्याच डॅन्यूबच्या काठी. इ.स. २३९ मध्ये तिथे टांकसाळ सुरू झाली. नाण्याच्या मागे मोएसिया प्रांताची स्त्रीमूर्ती उभी, एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला सिंह. प्रांतातल्या दोन लीजनची, म्हणजे रोमन फौजांची, ती निशाणं. पायाशी वर्ष, २३९ पासून मोजलेलं. माझ्या नाण्यावर पाचवं, म्हणजे २४३-४४.

इथेच घोळ आहे! तेराव्या वर्षी सम्राट झालेला तिसरा गॉर्डियन २४४ च्या सुरुवातीला पर्शियाच्या मोहिमेवर मेला आणि त्याचाच अधिकारी फिलिप गादीवर बसला. टांकसाळीने चेहरा बदलला, वर्ष तेच राहिलं. म्हणजे पाचव्या वर्षाची नाणी दोघांचीही. माझ्या नाण्यावरचा चेहरा पार घासलेला. नाक गेलंय, दाढी होती की नव्हती कळत नाही. कडेला उरलंय फक्त 'व्हीएस', म्हणजे नावाच्या शेवटचं 'उस'; रोमन लोक 'यू'च्या जागी 'व्ही' कोरत. आणि गॉर्डियानुस काय, फिलिप्पुस काय, शेवट एकच.

आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "चिंच लाव की, लख्ख होईल." आई, समईला चिंच ठीक आहे. इथे तो काळा-हिरवा थर गेला की अक्षरंही गेली. मी फक्त डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवलं, अधूनमधून पाणी बदललं. पोपटी भुकटी सुटत नाही ना, तेवढं पाहिलं. ती सुटू लागली तर नाणं आतून सडतंय असं समजायचं.

काल रात्री दिवे घालवून मोबाईलचा टॉर्च आडवा धरला. 'व्ही'च्या आधी, अगदी लागून, एक उभी रेघ दिसली. फिलिप्पुसचा 'पी' असता तर उजवीकडे खाली जागा रिकामी असती. ही रेघ तळापर्यंत येते. म्हणजे गॉर्डियानुसचा 'एन'. म्हणजे पोरगाच!

नवऱ्याने भिंग घेऊन बराच वेळ पाहिलं.

"अगं, हा ओरखडा आहे."