आमची वाटचाल : परांचीवरून टेबलाकडे

दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरच्या जाहिराती रंगवण्यापासून आमची सुरुवात. मग स्प्रे कॅन आले, आणि आता निम्मं काम लोगो, टी-शर्ट, पॅकिंगचं. ‘ग्राफिटीवाले डिझाइन काय करणार?’ असं कुणी विचारलं की आम्ही न्यूयॉर्कचा ग्राफिटी कलाकार फ्यूचुरा याचं नाव घेतो. १९८० साली त्याने ‘ब्रेक’ हा रेल्वेचा डबा रंगवला तेव्हा बाकीचे अक्षरांत गुंतले होते, यात होते रंगांचे धूसर ढग. पुढच्याच वर्षी ‘द क्लॅश’ बँड वाजवत असताना तो मागचा पडदा रंगवत होता. १९९८ मध्ये त्याने काढलेलं ‘पॉइंटमॅन’ हे पात्र ‘अंकल’ या दुसऱ्या गटाच्या अल्बमच्या कव्हरवर आलं, मग त्याचं खेळणं झालं. नंतर नायकेचे बूटही.

पण आधी भिंत. नव्या सिमेंट गिलाव्याला २८ दिवस हात लावत नाही, त्यातला क्षार रंग खातो. पेठांतल्या वाड्यांचं दुखणं निराळं: चुन्याचा गिलावा, जोत्यावरून चढणारी ओल. तिथे ऑइल प्राइमर मारलात की ओल आत कोंडते आणि पावसाळा सरताच पोपडे. लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीवर येणारा पांढरा क्षार, कोरड्या ब्रशने झाडायचा. धुतलात तर पाण्याबरोबर पुन्हा भिंतीत जिरतो.

कॅनमधली गोळी सुटून वाजायला लागली की पुढे दोन मिनिटं हलवायचा. भरावाला रुंद कॅप (फवारा सोडणारं टोपण), १५-२० सेंटिमीटरवरून. रेघेला बारीक कॅप, अगदी जवळून आणि झपाट्याने. हात थबकला की ओघळ. सलग मारत राहिलं की कॅन गार पडतो, दाब उतरतो, थेंब उडतात. म्हणून दोन कॅन आलटून-पालटून. शेवटी कॅन उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबायचा, नाहीतर कॅप बुजते. एप्रिलमध्ये पश्चिमेची भिंत दुपारनंतर घेतच नाही: रंग टेकायच्या आत सुकतो, पोत खरखरीत येतो.

टेबलावरचा खरा झगडा कडेशी. फवाऱ्याची धूसर कड स्क्रीन प्रिंटिंगला चालत नाही, कारण जाळीतून शाई पडते किंवा पडत नाही, मधलं काही नाही. ती ठिपक्यांत फोडावी लागते. कापडाला इंचाला ठिपक्यांच्या ४५ ओळी पुरतात, त्याहून बारीक ठिपके नेहमीच्या जाळीत धरणं अवघड. भरतकामात तर धूसरपणा विसराच, आणि एक मिलिमीटरहून बारीक रेघही नको. भिंतीचा फोटो संगणकाला आपोआप ट्रेस करायला दिला की रेघांवर शेकडो फालतू बिंदू येतात. आम्ही हातानेच नव्याने काढतो आणि इतक्या लहान आकारातही ओळखू येतं का, ते १२ मिलिमीटर उंचीला छापून बघतो.

भिंतीचा दर चौरस फुटावर. लोगोलाही लोक फुटाचाच भाव विचारतात.