कोणाचा कक्ष?

नवतपा, म्हणजे मेअखेरचे रखरखीत उन्हाचे नऊ दिवस, लागला की आमच्या घरी सगळ्यांचा मुक्काम कूलरच्या खोलीत. दहावीत जाणारी भाची तिथंच पुस्तक उघडून बसली होती.

"मामा, कक्ष तापमानाला पारा अन् ब्रोमीन एवढी दोनच मूलद्रव्यं द्रव असतात म्हणे."

मी मान डोलावली. तिनं भिंतीवरच्या तापमापीकडं बोट दाखवलं. कूलर सुरू असूनही 40. "कोणाच्या कक्षात?"

पुस्तकातला कक्ष 25 अंशांचा असतो. तसा आम्हाला डिसेंबरात मिळतो. सीझियम 28.5 अंशांना वितळतं, गॅलियम 29.8 ला आणि रुबिडियम 39.3 ला. म्हणजे मे महिन्यातल्या नागपुरात द्रव मूलद्रव्यं पाच! (सीझियम, रुबिडियम बंद काचनळीतच बरे; हवा लागली की पेट घेतात.)

मग मलाच चेव आला. मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीत पहिल्या गणात, म्हणजे पहिल्या उभ्या रांगेत, खाली उतरत जा: लिथियम 180, सोडियम 98, पोटॅशियम 63.5, पुढं हे दोघं. अणू थोराड होत जातो, बाहेरचा एकुलता एक इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब पडतो, धातूची पकड सैल होते. उजवीकडच्या हॅलोजनांचं मात्र उलटं. क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव, आयोडीन स्थायू. रेणू मोठे होतात तशी त्यांची आपसातली ओढ वाढते. आयोडीन 114 अंशांपर्यंत वितळायचं नाव घेत नाही. आमचं ऊन त्याच्यापुढं काहीच नाही.

"म्हणजे नियम पक्का?" तिनं विचारलं. पक्का कसला! आडव्या ओळीत बघ: क्रोमियम 1907 अंशांना वितळतं, लोखंड 1538 ला, अन् दोघांच्या मधलं मँगनीज 1246 लाच. त्याच्या दहा जागांच्या डी उपकवचात नेमके पाच इलेक्ट्रॉन, अर्धं भरलेलं; तेवढ्यावर ते समाधानी, धातूच्या बंधात फारसे उतरत नाहीत. मला तर सारणीतला हा खड्डाच सगळ्यात आवडतो. आपल्याच जिल्ह्यातला आहे ना तो!

रामटेकच्या वाटेवर मनसरला मँगनीजच्या खाणी आहेत. तिथून कधीतरी आणलेला एक काळा, अंगापेक्षा जड दगड आमच्या कपाटावर पडून असतो. शुद्ध धातू नव्हे, खनिजच.

कूलरच्या वाऱ्यानं सारणीचं पान सारखं फडफडत होतं. तिनं उठून तो दगड आणला, पानावर ठेवला आणि म्हणाली, "मामा, टाकीत पाणी संपलं वाटते."