तुम्ही विचारलेत म्हणून: येशूला आणखी एक अवतार का मानत नाही?

नाताळच्या फराळाला आमच्या नाना पेठेतल्या घरी येणारे स्नेही आपुलकीने विचारतात, ‘जसे राम, कृष्ण, तसा तुमचा येशू, एवढे म्हणायला तुम्हाला जड का जाते?’ या प्रश्नामागे सलोख्याची इच्छा आहे हे मला कळते, तरीही ‘हो’ म्हणता येत नाही, आणि मग मी हट्टी ठरतो.

गीतेतले भगवंत युगायुगांत पुन्हा पुन्हा येतात. आमची श्रद्धा अशी की देव एकदाच माणूस झाला आणि पुनरुत्थानानंतरही ते माणूसपण त्याने टाकले नाही. पूर्वी मी यानंतर ४५१ साली खाल्केदोन येथे भरलेल्या ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या परिषदेचे सूत्र ऐकवीत असे: पूर्ण देव आणि पूर्ण मानव, दोन्ही स्वभाव न मिसळलेले आणि वेगळेही न झालेले. ते मी आजही मानतो. पण ते मला भिडले रुग्णालयातल्या एका रात्री.

वडील शेवटच्या आजारात होते. विश्वासणाऱ्याने मरणाला भिऊ नये, असे भेटीला आलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्यांना सांगितले होते. त्या बोलण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. रात्री वडिलांनी माझे मनगट घट्ट धरले आणि विचारले, ‘मला भीती वाटते रे. माझा विश्वास कमी पडला का?’ मी बायबलमधल्या मार्ककृत शुभवर्तमानाचा, म्हणजे मार्कने लिहिलेल्या येशूच्या कथेचा, चौदावा अध्याय काढला. क्रुसावरच्या मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू व्याकूळ होतो, शिष्यांना जागे राहायला विनवतो, हा मरणदुःखाचा प्याला टळावा म्हणून पित्याला कळवळून सांगतो. वडिलांनी तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला. ‘म्हणजे त्यालाही,’ इतकेच ते बोलले. मनगटावरची पकड मात्र सैल झाली नाही.

येशूचा देह माणसाचा, पण विचार करणारे मन माणसाचे नव्हे, असे चौथ्या शतकात अपोलिनारियस नावाचा धर्माध्यक्ष शिकवीत असे. ख्रिस्ताने जे धारण केले नाही ते बरेही झाले नाही, असे त्याच काळातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरी या धर्मपंडिताने त्यावर उत्तर दिले. भिणारे मन त्याने घेतलेच नसते, तर माझ्या वडिलांची ती रात्र त्याच्या तारणाबाहेर राहिली असती. सीतेसाठी रामाने केलेला विलाप मला ठाऊक आहे आणि तो लटका म्हणण्याचा मला अधिकार नाही. मी फक्त माझा भरवसा कोणावर आहे ते सांगतो आहे.

अडचण आहेच. जगाचा शेवटचा दिवस पुत्रालाही, म्हणजे स्वतः येशूलाही, ठाऊक नाही, असे येशू त्याच शुभवर्तमानात सांगतो. माणूस म्हणून ठाऊक नव्हता, देव म्हणून होता, असे मी पूर्वी झटकन म्हणत असे. पण ते बोलणारा एकच होता, दोघे नव्हते. मग न जाणणारा कोण, यावर माझे माझ्याशीच अजून पटलेले नाही.