घर रीडिंगला, पासबुक कराडला: सॉलिसिटर निवडण्याचा माझा अनुभव

११ एप्रिल २०२५ ला आम्हाला इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या घराची किल्ली मिळाली. तीच ३१ मार्चपर्यंत मिळाली असती तर आमचे ५,५०० पौंड वाचले असते. हिशोब सरळ आहे. इंग्लंडमध्ये पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३१ मार्चपर्यंत ४,२५,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीवर स्टॅम्प ड्युटी नव्हती. १ एप्रिलपासून ही मर्यादा ३,००,००० वर आली आणि त्यापुढच्या रकमेवर ५ टक्के लागू झाले. आमचं घर ४,१०,००० चं. म्हणजे वरच्या १,१०,००० वर ५ टक्के. त्यात तारीख धरतात ती कम्प्लिशनची, ज्या दिवशी सगळे पैसे पोचून किल्ली हातात येते तो दिवस.

आमची ऑफर नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्य झाली होती. विकणाऱ्या आजी आधीच मुलीकडे राहायला गेल्या होत्या, घर रिकामं होतं. मागेपुढे दुसऱ्या घरांच्या व्यवहारांची साखळी नव्हती. अशा व्यवहाराला साडेचार महिने लागायचं काहीच कारण नव्हतं. कारण होतं एकच, मी निवडलेली सॉलिसिटरची (घराचा व्यवहार करून देणाऱ्या वकिलाची) फर्म, आणि ते मला पहिल्या दिवशीच टाळता आलं असतं. म्हणून हे लिहिते आहे.

ऑफर मान्य झाली त्याच दुपारी एजंटचा फोन आला: "आमच्या पॅनलवरचे सॉलिसिटर घ्या, आमचं रोजचं काम आहे, लवकर होईल." फी ७९५ पौंड अधिक व्हॅट. दुसरीकडे माझ्या लॅबमधल्या सहकारीणबाईंनी गावातल्या एका छोट्या फर्मचं नाव दिलं होतं. तिथे मी फोन केला तेव्हा एका बाईंनी स्वतः उचलला आणि तिसराच प्रश्न विचारला, "डिपॉझिटचे पैसे कुठून येणार आहेत?" डिपॉझिट म्हणजे कर्ज सोडून आपण स्वतः भरायची रक्कम. मी म्हटलं, थोडे आमचे, थोडे भारतातून वडील देणार आहेत. त्यांनी लगेच काय काय कागद लागतील ते सांगायला सुरुवात केली. त्यांची फी जवळपास पाचशे पौंडांनी जास्त होती. मला वाटलं, आत्तापासूनच एवढी चौकशी आणि वर जास्तीचे पैसे. मी एजंटवाली फर्म घेतली. आयुष्यात काही निर्णय परत घ्यायला मिळाले तर हा मी आधी घेईन.

एजंटने सुचवलेलाच सॉलिसिटर घ्यायचं बंधन तुमच्यावर अजिबात नाही, हे इथे सांगून ठेवते. एजंटला अशा शिफारशीचे पैसे मिळत असतील तर ते तुम्हाला सांगायला हवं असा नियम आहे. आम्हाला तो आकडा मिळाला, पण कागदांच्या चौथ्या पानावर.

आता मुख्य गोष्ट. इथे सॉलिसिटरला पैशांचा उगम तपासावाच लागतो. २०१७ चे मनी लाँडरिंगचे नियम आहेत, आणि त्यात माझी काही तक्रार नाही. तपासा, कसून तपासा. मी २७ नोव्हेंबरलाच फॉर्मवर स्वच्छ लिहिलं होतं: वडिलांकडून भेट, भारतातून, साधारण साडेसोळा हजार पौंड. आमची ओळख अॅपवर एका संध्याकाळी तपासून झाली. सर्चेस (घराबद्दलच्या सरकारी नोंदींच्या चौकश्या) आल्या, प्रश्नोत्तरं झाली, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळं तयार. आणि तेव्हा कळलं की त्या भेटीच्या पैशांकडे दहा आठवड्यांत कुणी पाहिलंच नव्हतं. ते काम वेगळ्या टीमचं होतं. त्या टीमला फोन नव्हता. पोर्टलवर लिहायचं आणि पाच कामाचे दिवस थांबायचं.

६ फेब्रुवारीला पहिली मागणी आली: वडिलांचं सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. बाबा कराडला असतात, निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे पासबुक. मी पासबुकाचे फोटो पाठवले, ते चालणार नाहीत असं उत्तर आलं. बाबा शाखेत गेले, शिक्का मारलेलं स्टेटमेंट आणलं. ते पाठवलं. सहा दिवसांनी दुसरी मागणी: स्टेटमेंटमध्ये मुदत ठेव मोडून रक्कम आलेली दिसते, त्या ठेवीचे पैसे कुठले? तर २०१६ मध्ये बाबांनी गावचा एक प्लॉट विकला होता. खरेदीखत पाठवलं. नऊ दिवसांनी तिसरी मागणी: हा दस्त इंग्रजीत नाही, प्रमाणित भाषांतर द्या. चौदा पानांचं खत. भाषांतर करून घेतलं, त्यात आठवडा गेला. मग ७ मार्चला चौथी: खतावर वडिलांच्या नावापुढे 'राव' आहे, पासपोर्टवर नाही, शिवाय बँकेत आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी. ही एकच व्यक्ती आहे याचा पुरावा?

आपल्याकडे ही किती साधी बाब आहे. पण त्या स्क्रीनसमोर बसलेल्याला 'राव' म्हणजे काय हे ठाऊक असायचं कारण नाही, आणि मी फोनवर समजावून सांगावं तर फोनच नाही. बाबा नोटरीकडे गेले. पूर्वी शंभरचा स्टॅम्प पेपर चालायचा, आता पाचशेचा लागला. प्रतिज्ञापत्र इंग्रजीतच करून घेतलं.

१४ मार्चला पाचवी मागणी: प्लॉट विकल्याची रक्कम २०१६ मध्ये खात्यात जमा झाली ती नोंद दाखवा. ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. शाखेतल्या माणसाने सांगितलं, इतकं जुनं स्टेटमेंट वरून मागवावं लागेल, तीन आठवडे धरा. त्या रात्री आईने लोखंडी ट्रंक उपसली. इथे संध्याकाळचे सात, तिकडे साडेबारा. व्हॉट्सअॅपवर बाबा जुनं पासबुक कॅमेऱ्यासमोर धरून होते. पुठ्ठ्याचे कोपरे उसवलेले, ठिपक्याठिपक्यांची पुसट छपाई, आणि त्या नोंदीखाली बाबांचं बोट. "ही बघ, अकरा तारीख. दिसतंय का?" दिसत होतं. मग ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि म्हणाले, "मी काय चोरून आणलेत का गं पैसे?"

मी म्हटलं, "नाही हो बाबा, इकडे सगळ्यांनाच विचारतात." ते खरंही आहे. पण पाच वेळा, एकेक करून, प्रत्येक वेळी आठवडाभर गप्प बसून विचारायचं, याला तपासणी म्हणत नाहीत. ही पाचही कागदपत्रं पहिल्याच दिवशी एका यादीत मागितली असती तर डिसेंबरमध्येच सगळं त्यांच्या टेबलावर असतं. दरम्यान आमची फाइल सांभाळणारी व्यक्ती तीनदा बदलली. प्रत्येक नव्या व्यक्तीला मी पहिल्यापासून सांगितलं.

गंमत म्हणजे ज्यांनी फेब्रुवारीत पासबुक नाकारलं त्यांनी मार्चमध्ये ट्रंकेतलं जुनं पासबुक मान्य केलं. मंजुरी आली २८ मार्चला, शुक्रवारी दुपारी. आमच्या कर्ज देणाऱ्या बँकेला रक्कम सोडायला पाच कामाच्या दिवसांची पूर्वसूचना लागत होती. सोमवारी ३१ तारीख. मी त्या शुक्रवारी लॅबच्या जिन्यात बसून रडले, ते पैशांपेक्षा बाबांच्या त्या वाक्यासाठी जास्त. ४ एप्रिलला एक्स्चेंज (खरेदीचा करार पक्का होणं) झालं, ११ ला कम्प्लिशन.

तर सॉलिसिटर निवडताना पहिल्या फोनवर हे विचारा: "डिपॉझिटचा काही भाग भारतातून भेट म्हणून येणार आहे. तुम्ही अशी कामं घेता का, तपासणी कोण करतं, आणि ती सुरुवातीलाच कराल का?" काही फर्म परदेशातून येणारी भेट घेतच नाहीत, हे तेव्हाच कळलेलं बरं. उत्तर देताना समोरचा अडखळला तर पुढच्या फर्मला फोन करा. स्वस्त आकड्यावर जाऊ नका, कारण तो आकडा तसा राहत नाही. आमच्या ७९५ वर भेटीच्या पैशांची तपासणी, परदेशी देणगीदार, बँकेसाठीचं काम, पैसे पाठवण्याचं शुल्क, स्टॅम्प ड्युटीचं विवरण, असं एकेक चढत गेलं आणि ती छोटी फर्म शेवटी फक्त एकशे दहा पौंडांनी महाग पडली असती. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटरांना या कामाचे दर आपल्या वेबसाइटवर द्यावे लागतात. ते पान शेवटपर्यंत वाचा, वरचा मोठा आकडा पाहून थांबू नका.

सॉलिसिटरच हवा असंही नाही. लायसन्स्ड कन्व्हेयन्सर, म्हणजे मालमत्तेच्या व्यवहारांचे परवानाधारक जाणकार, हेही हे काम करतात, त्यांच्यावर वेगळ्या कौन्सिलची देखरेख असते. दोन्ही चालतात. मात्र तुम्ही ज्या बँकेचं कर्ज घेताय तिच्या पॅनलवर ती फर्म आहे ना, हे नेमणुकीआधी विचारा. नसेल तर बँकेसाठी वेगळा वकील, वेगळे पैसे.

बाबांकडून पैसे आणण्याबद्दल एक राहिलं. त्यांनी जानेवारीत एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) अठरा लाख पाठवले. त्या वेळी वर्षाला सात लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा आयकर) कापत होती, म्हणजे अकरा लाखांवर २ लाख २० हजार, आणि ते अठरा लाखांच्या वर वेगळे भरावे लागले. आयकर विवरण भरताना ते वळते होतात, पण तोवर अडकून राहतात. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा दहा लाख झाली आहे. आईवडिलांची शिल्लक मोजताना हे धरा.

आणि हे तर मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं: पहिल्यांदा घर घेणाऱ्याची सवलत मिळायला तुमच्या नावावर जगात कुठेही घर असता कामा नये. वारशाने आलेला हिस्सासुद्धा मोजतात. दोघं मिळून घेत असाल तर दोघांनाही ही अट लागू. माझ्या नावावर गावी शेताचा तुकडा आहे, पण शेतजमीन म्हणजे राहतं घर नव्हे, म्हणून आम्ही सवलतीत बसलो. आमच्या ओळखीच्या एका जोडप्यात नवऱ्याचा नाशिकच्या वडिलोपार्जित घरात हिस्सा निघाला. सवलत गेलीच. अशा हिश्शाची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल तर इथल्या घरावर ज्यादा दराची ड्युटी लागू शकते, आणि तो ज्यादा दर ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ३ चा ५ टक्के झाला आहे. सॉलिसिटरने हे विचारलं नाही तर तुम्ही स्वतः सांगा. विवरणावर सही तुमची असते.

डिपॉझिट पाठवायच्या दिवशी मी फर्मच्या जाहीर क्रमांकावर फोन करून बँक खात्याचे आकडे एकेक वाचून घेतले. ईमेलमधल्या खात्यावर तशीच मोठी रक्कम कधीही पाठवू नका. फसवणूक करणारे नेमके त्याच आठवड्यात 'आमचं खातं बदललंय' असा ईमेल पाठवतात.

मी फर्मकडे लेखी तक्रार केली आहे. पाचही मागण्यांच्या तारखा, माझ्या उत्तरांच्या तारखा, आणि नोव्हेंबरच्या त्या फॉर्मची प्रत, ज्यात भेटीचा उल्लेख पहिल्याच पानावर आहे. उत्तर द्यायला त्यांना आठ आठवडे असतात. सातव्या आठवड्यात पत्र आलं: झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, सदिच्छा म्हणून २५० पौंड. मी ते घेतले नाहीत. फर्मच्या अंतिम उत्तरानंतर सहा महिन्यांच्या आत लीगल ओम्बड्समनकडे, म्हणजे वकिलांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जाता येतं. कागद लावून ठेवले आहेत, वरती बाबांच्या पासबुकाच्या त्या पानाची प्रत आहे. या आठवड्यात पाठवते आहे.