फादरला सांगितलं की झालं?

"तुमचं बरं हाय बघा. फादरच्या कानात सांगितलं की पाप खलास! आम्हाला पंढरपूरपर्यंत चालावं लागतंय."

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या मशीन शॉपमध्ये लेथवर एक मामा आहेत. येळ्ळूरचे, गळ्यात तुळशीची माळ. वीसेक वर्षांत हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल, मोजलेलं नाही. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचे आमचे उपासाचे दिवस सुरू होतात त्या दिवशी, मी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन कामावर आलो की हमखास. (ती राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची असते, हेही त्यांना दर वर्षी सांगतो.) आणि विचारणारे ते एकटेच नव्हेत. शेजारच्या काकूंनी विचारलंय, मुलाच्या शाळेतल्या सरांनी विचारलंय, रेशनच्या रांगेत ओळख झालेल्या एकानंही विचारलंय. चर्चमध्ये फादर ज्या जाळीपलीकडे बसून पापं ऐकतात, त्या जाळीच्या आड नेमकं काय चालतं? सिनेमानं बरंच बिघडवून ठेवलंय. तिथे खुनी येऊन गुडघे टेकतो आणि फादर घामाघूम होतात. आमच्याकडे बहुतेक जण 'बायकोवर ओरडलो' एवढंच सांगायला आलेले असतात.

आमच्या घरात याला कुमसार म्हणतात. मराठी पुस्तकात पापनिवेदन, पोरांच्या तोंडी कन्फेशन. मोठं पाप हातून घडलं असेल तर ते वर्षातून एकदा तरी सांगायलाच हवं असा नियम आहे, आणि नियमातून कुणी सुटलेला नाही. २०१४ साली पोप फ्रान्सिस रोममध्ये एका साध्या फादरपुढे गुडघे टेकून बसले होते, तो फोटो जगानं पाहिला. दातांच्या डॉक्टरला स्वतःची दाढ उपटता येत नाही, तसंच फादरचं. त्यालाही दुसऱ्या फादरकडे जावं लागतं.

ऐकलेलं त्यानं कुणालाही सांगायचं नाही. बिशपला नाही, कोर्टाला नाही. मुद्दाम फोडलं तर त्याच क्षणी तो चर्चमधून बहिष्कृत होतो, वेगळा निकाल लागावा लागत नाही. हे बंधन त्याच्यावर आहे, माझ्यावर नाही. म्हणून पुढचं मी लिहू शकतो.

पण आधी भाषेचं सांगतो, कारण सीमाभागात त्यावाचून कुठलीच गोष्ट पुरी होत नाही. आमच्या घरात कोकणी, गल्लीत मराठी, सरकारी कागदावर कन्नड, मुलांच्या वह्यांत इंग्रजी. मग पाप कुठल्या भाषेत सांगायचं? आई कोकणीतच सांगायची. मी मराठीत सांगतो. शिव्या मराठीत देतो, तेव्हा कबुलीही त्याच भाषेत दिलेली बरी. एकदा जाळीपलीकडे कन्नड बोलणारे फादर निघाले. मला मोडकंतोडकं 'सिट्टु' एवढंच सुचलं, म्हणजे राग. त्यांना तेवढं पुरलं. आमच्या चर्चच्या हद्दींना तसंही राज्यांच्या हद्दींशी देणंघेणं नाही. बेळगाव धर्मप्रांत १९५३ सालचा, भाषावार राज्यं झाली १९५६ साली. चंदगड तोवर बेळगाव जिल्ह्यातच होतं, मग कोल्हापुरात गेलं. बिशप मात्र त्यांचे आणि आमचे आजही एकच.

तर ती गोष्ट.

मार्च महिना होता. उपासाचे चाळीस दिवस आणि हिशेबाची वर्षअखेर बहुतेक वर्षी एकमेकांवर येऊन आदळतात. तेव्हा मी दुसऱ्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. पंपाच्या बॉडीचा बेचाळीस नगांचा लॉट जायचा होता. ओतकाम करताना लोखंडात वायू अडकला की आत पोकळी राहते. तिला आम्ही ब्लोहोल म्हणतो. मशीनिंगमध्ये वरचा थर निघाला की ती उघडी पडते. असा नग भंगारात टाकायचा, नाहीतर गिऱ्हाइकाला विचारून दुरुस्त करायचा. इथे कुणीतरी भोकांत मेटल पुट्टी भरून, घासून, वरून रंग मारला होता. मला कळलं होतं. नखानं टोकरलं की कळतं. बाहेर टेम्पो उभा होता, डिस्पॅचवाला घड्याळ दाखवत होता, वरून दोनदा फोन आला. मी रिपोर्टवर 'ओके' लिहून सही केली.

त्या दिवशी शुक्रवार होता. उपासाच्या दिवसांतल्या शुक्रवारी आम्ही मांस खात नाही, म्हणून डब्यात मसुरीची आमटी आणि भात होता. आदल्या दिवशीचं सुकं मटण घरी फ्रीजमध्ये ठेवून आलो होतो आणि त्याचा मला, खरं सांगतो, थोडा अभिमानही वाटत होता. अकराला सही केली आणि साडेबाराला क्रूसाची खूण करून डबा उघडला. घास कुठे अडकला नाही. आजही आठवतं ते हेच, की घास अडकला नाही.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात कुमसाराला लांब रांग असते. मी यादी तयार करून गेलो होतो. तिसऱ्या रेल्वे गेटजवळच्या ट्रॅफिकमध्ये शिव्या, ओव्हरटाइमसाठी बुडवलेला एक रविवारचा मिस्सा, भावाशी अबोला. आणि मधेच, बारीक आवाजात, 'कामावर एकदा खोटी सही केली.' वाईट नग आम्ही लॉटच्या मधल्या थरात ठेवतो, वर किंवा खाली ठेवत नाही. तसंच हे.

फादरनी नेमका तोच उचलला. "कसली सही?"

सांगितलं. ब्लोहोल म्हणजे काय ते त्यांना कळेना. फादर खानापूरकडचे, शेतकऱ्याघरचे. थोड्या वेळानं म्हणाले, "म्हणजे भातात पोचट दाणा असतो तसं? वरून टरफल चांगलं?"

"होय फादर."

"आणि हे पंप बसतात कुठं?"

"विहिरींवर. बहुतेक शेतातच."

मग बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. मला वाटत होतं, मारियेची प्रार्थना, पाच 'नमान मारिये', म्हणायला सांगतील आणि सोडतील. ते म्हणाले, "क्षमा आत्ता देतो. पण ते नग कुठं आहेत ते शोधायचं आणि सांगायचं, हे प्रायश्चित्त. करशील?"

मामांच्या वाक्यात हा भाग नसतो. चोरलेलं असेल ते परत करायचं, कुणाचं नाव खराब केलं असेल तर ते भरून काढायचं, ही शिकवण जुनीच आहे. क्षमा मिळाली म्हणून उधारी फिटत नाही. शुभवर्तमानातला जकातदार जक्कय येशूला घरी घेऊन गेला, तेव्हा त्यानं नुसतं 'चुकलो' म्हटलं नव्हतं. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाला फसवलं असेल त्याला चौपट परत करतो, असं उभ्यानं सांगितलं होतं. चौपट! आमच्या उद्यमबागेत हा दर लावला तर किती कारखाने उरतील, हा विचार त्या दिवशी परतताना मनात आला, आणि सुटकेसारखं हसूही आलं.

ईस्टरनंतरच्या सोमवारी मालकांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग दार लावून घ्यायला सांगितलं. "सही तुझी आहे, लक्षात आहे ना?"

"म्हणूनच आलोय."

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच गिऱ्हाइकाला फोन केला. हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं, मला वाटलं होतं त्यापेक्षा माणूस सरळ निघाला. सतरा नग अजून गिऱ्हाइकाच्या स्टोअरमध्ये पडून होते. ते परत आले, त्यातल्या अकरांत पुट्टी निघाली. उरलेले पंचवीस बसून गेले होते. कुठल्या विहिरीवर, कुणाच्या उसाला पाणी देत, कुणालाच सांगता आलं नाही. तक्रार कधी आली नाही. त्या वर्षी माझी पगारवाढ झाली नाही, पण मंदीही होती, त्यामुळे मी त्याचा हुतात्मा म्हणून मिरवत नाही.

लहानपणी रात्री तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपला की आई विचारायची, "आज कोणाक रडयलें?" आज कुणाला रडवलंस? उत्तर द्यावंच लागायचं. पुढे कळलं की दिवसाचा असा झाडा घ्यायला जेज्विट या फादरांच्या संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकातच सांगून ठेवलंय, तेही दिवसातून दोनदा. दोनदा माझ्याच्यानं होत नाही. रात्री एकदा करतो, तेही डोळा लागला नाही तर. 'कुणाला रडवलंस'मध्ये आता मी न पाहिलेली माणसंही मोजतो. पंचवीस, म्हणजे तेवढी तरी.

आणि हो, पुन्हा पुन्हा तीच पापं सांगायला लागतात. तिसऱ्या गेटजवळच्या शिव्या दर वर्षीच्या यादीत आहेत. एका फादरनी विचारलंही, "दुसऱ्या रस्त्यानं का जात नाही?"

मामांना ही सगळी हकिगत मी इथे आल्यावर दोन-तीन वर्षांनी सांगितली, रात्रपाळीत, चहा पिताना. त्यांनी माळेवरून बोट फिरवलं. म्हणाले, "माळ घातली की आम्हालाबी खोटं बंद हाय. पण मला जाळीतनं कोण विचारत नाही बघा. पांडुरंग कमरेवर हात ठेवून उभा, काय बोलतच नाही."

यंदा राखेच्या बुधवारी पुन्हा तेच. "तुमचं बरं हाय बघा."

म्हटलं, "मग येताय काय मामा, एकदा आमच्या फादरकडं?"

त्यांनी लेथ चालू केला. "नको बाबा. पंढरपूरला चाललेलं परवडलं."