चालू घडामोडींवर लिहायचं, पण कांद्यापुरतं

रोजच्या राजकारणावर मत लिहिणारे गल्लोगल्ली आहेत. त्या गर्दीत नव्या लिहिणाऱ्याचा आवाज कुणाला ऐकू जाणार? म्हणून मी विषय निवडताना आवडीपेक्षा दोन गोष्टी आधी पाहिल्या. त्या विषयाचा सरकारी कागद मला घरबसल्या मिळतो का, आणि त्याचे आकडे रोज, फुकट निघतात का? कांदा दोन्हींत बसला. शिवाय कांद्यावर दिल्लीत निर्णय झाला की तो नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या लिलावात दुसऱ्या दिवशी दिसतो, त्यामुळे बातमीची वाट बघत बसावं लागत नाही.

कामाची सुरुवात वहीपासून. तारीख, बाजार समिती, कांद्याचा प्रकार, आवक क्विंटलमध्ये, किमान, कमाल आणि सरासरी भाव, इतके रकाने पुरतात. आकडे राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅगमार्कनेट या केंद्राच्या बाजारभावाच्या संकेतस्थळावर मिळतात. प्रकाराचा रकाना गाळू नका. तिथे लाल, उन्हाळी, पांढरा, लोकल अशा वेगळ्या नोंदी असतात, आणि लासलगावचीही मुख्य आवार, विंचूर, निफाड अशी वेगवेगळी ओळ येते. मार्चमध्ये लाल आणि उन्हाळ दोन्ही एकाच आवारात असतात. गेल्या आठवड्याचा लाल आणि या आठवड्याचा उन्हाळ शेजारी ठेवून ‘भाव वधारले’ लिहिलं, की लेख तिथेच संपला.

दुसरा सापळा कमाल भावाचा. दिवसभरात एखाद्या उत्तम ट्रॉलीला लागलेली बोली मथळ्यात जाते, आणि गोल्टी म्हणजे बारीक कांदा घेऊन आलेला शेतकरी तो मथळा वाचून हसतो. मी मथळ्यात सरासरीच घेतो आणि सोबत आवक देतो. आवक शंभर क्विंटल असताना मिळालेला भाव आणि वीस हजार क्विंटल असताना मिळालेला भाव यांना एकाच मापाने मोजता येत नाही. सोलापूरचा आकडा लासलगावशेजारी ठेवताना तर हात आखडताच घ्यावा. माल वेगळा, हंगाम वेगळा.

आता बातमी. निर्यातीच्या निर्णयांचे दोन उगम आहेत. बंदी आणि किमान निर्यात मूल्य (ज्याहून कमी भावाने माल बाहेर पाठवता येत नाही) विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने येतं. निर्यात शुल्क अर्थ खात्याच्या. दोन्ही एकदम लागू असू शकतात, आणि नेमकी तिथेच बातमी फसते. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान मूल्य आलं, ८ डिसेंबरपासून थेट बंदी. ४ मे २०२४ रोजी ‘बंदी उठली’ असे मथळे झळकले. खरे होते, पण अर्धे. किमान मूल्य ५५० डॉलर, त्यावर ४० टक्के शुल्क म्हणजे २२०, एकूण ७७० डॉलर टनाला. डॉलर ८३ रुपये धरला तर किलोला साधारण ६४ रुपये, तेही जहाजभाडं सोडून. हे गणित चार ओळींत मांडलं की वाचकाला कळतं, बंदी उठूनही व्यापारी हात का राखून होते. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही संपलं.

अधिसूचना शेवटपर्यंत वाचायची. डिसेंबरच्या बंदीत आधीच जहाजावर चढू लागलेल्या किंवा सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात गेलेल्या मालाला सवलतीचं कलम होतं. बंदराकडे निघालेल्या कंटेनरचं काय, हा प्रश्न त्या कलमावरच सुटतो. आणि अधिसूचना नसेल तर लिहायचं नाही. १८ फेब्रुवारी २०२४ ला बंदी उठल्याच्या बातम्या सूत्रांच्या हवाल्याने पसरल्या, बाजार उसळला. दोन दिवसांत केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी बंदी कायम असल्याचं सांगितलं. ३१ मार्चला ती आपोआप संपेल असं गृहीत धरणाऱ्यांचीही मार्चमध्ये पंचाईत झाली, कारण मुदतच बेमुदत वाढवली गेली.

बातमी फुटल्यावर संदर्भ शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून शुल्काचा इतिहास, हंगामाचं वेळापत्रक आणि साठवणुकीचं गणित असे तीन तुकडे मी आधीच लिहून ठेवतो. साठवणुकीचं इथे देतो, कारण शहरातला वाचक ‘शेतकऱ्याने कांदा रोखला’ म्हणून नाराज असतो. एप्रिलमध्ये क्विंटलला १,२०० रुपये भाव आहे आणि १०० क्विंटल कांदा चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये भरला, असं धरा. वजनातली घट, सड आणि कोंब मिळून ऑक्टोबरपर्यंत ३० टक्के गेला, तर हातात ७० क्विंटल उरतो. एप्रिलइतकेच १ लाख २० हजार यायचे तर भाव १,७१४ हवा. निवडणीची मजुरी आणि गुंतलेल्या पैशाचं व्याज त्यावर वेगळं. नंतर नाफेडने सरकारसाठी खरेदी करून ठेवलेला साठा बाजारात आला आणि भाव उतरला की हेच गणित कोलमडतं, आणि नाशिकच्या रागाचं मूळ बऱ्यापैकी तिथेच असतं.

एका विषयात राहिल्याचा तोटाही आहे. कांद्याचा प्रत्येक निर्णय मतांसाठीच घेतला जातो, असं वाटू लागतं. तारखा पाहता तो मोह होतोच: २०२४ मध्ये ४ मेला निर्यात खुली झाली, २० मेला नाशिक-दिंडोरीत लोकसभेचं मतदान. दोन्ही तारखा द्याव्यात. त्यांचा संबंध पक्का माहीत असल्यासारखा लिहू नये. अशा वेळी वाहतूकदार, अडते, निर्यातदार यांच्यापैकी एकाशी बोलल्याशिवाय लेख पाठवू नये, आणि ते काय म्हणाले तेही आकड्यांशी ताडून घ्यावं. प्रत्येकाचा माल कुठे ना कुठे अडकलेला असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये बातमी थंड असली तर उळ्याचा म्हणजे कांद्याच्या बियाण्याचा भाव, रोपवाटिकेवरचा पाऊस, चाळीसाठीचं अनुदान यांवर लिहावं. हे लेख शहरात फारसे कुणी वाचत नाही. पण निफाड-चांदवडकडून फोन येतात ते यांच्यावरच, बहुधा एखादा आकडा दुरुस्त करायला.